दोन खिडक्यांमधला रुग्ण

१९८९ हे साल गोमंतकीयांनी विसरता कामा नये. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी ताब्यात घेतले. त्यांचा अपराध एवढाच की, त्यांनी स्वेच्छेने दान केलेल्या रक्तात एच. आय. व्ही. हा विषाणू आढळला होता. वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात त्यांना ६४ दिवस एकाकी ठेवण्यात आले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद होती, आणि त्यांच्या मातेने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले तरी तो कायदा काही रद्दबातल ठरला नाही. पुढे डॉमिनिक यांनी बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९९२ साली ते हे जग सोडून गेले. रोगाला घाबरलेले शासन रोग्यालाच गुन्हेगार कसे ठरवते, याचा धडा साऱ्या देशाला गोमंतकाने दिला, आणि तो आपल्या लौकिकात भर घालणारा नव्हता.

योगायोग असा की, त्याच वर्षी वैद्यकविश्वात दुसरी एक घटना घडली. रक्त चढवून घेतलेल्या रुग्णांना पुढे यकृताचा दाह होई. त्याचे कारण 'ए' विषाणू नव्हे आणि 'बी' ही नव्हे, एवढेच तोवर डॉक्टर सांगू शकत. १९८९ मध्ये मायकेल हाऊटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागच्या विषाणूचा छडा लावला आणि त्याला 'हिपॅटायटिस सी' हे नाव मिळाले. या कामासाठी हार्वे ऑल्टर व चार्ल्स राइस यांच्यासह हाऊटन यांना २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आणि तिसरी घटना आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाची. १९८९ च्या उत्तरार्धापर्यंत मणिपुरातील सुईवाटे हेरॉइन घेणाऱ्या तरुणांच्या रक्तात एच. आय. व्ही. जवळजवळ सापडत नव्हता. त्यानंतरच्या अवघ्या काही महिन्यांत तो त्यांतील सुमारे निम्म्या जणांत सापडू लागला.

या तिन्ही घटनांची आज एकत्र आठवण काढण्यास कारण आहे. जगात एच. आय. व्ही. बाधितांपैकी सुमारे २३ लाख लोकांना हिपॅटायटिस सीची लागण झालेली आहे वा होऊन गेलेली आहे, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १३ लाख, सुईवाटे अमली पदार्थ घेणारे आहेत. या माणसांचे एड्सपासून रक्षण करणारी औषधे आता आहेत. सी विषाणू शरीरातून पार निपटून काढणारी औषधेही आता आहेत. दोन्ही औषधे आपल्या देशात शासनातर्फे मोफत मिळतात. असे असूनही दोन्ही विषाणूंनी ग्रासलेला माणूस यकृत निकामी होऊन मरत असेल, तर त्याचा दोष वैद्यकशास्त्राच्या माथी मारता येणार नाही. तो व्यवस्थेचा दोष आहे, आणि म्हणूनच तो आमच्या दृष्टीने अग्रलेखाचा विषय आहे.

एच. आय. व्ही. बाधितांच्या मृत्यूचे स्वरूप गेल्या पाव शतकात कसे पालटले, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९९६ पूर्वी हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती पोखरून टाकी आणि क्षय, फुप्फुसदाह, मेंदूचे विकार यांपैकी कशाने तरी रोगी जाई. त्याच्या यकृतात आणखी कोणी बिऱ्हाड केले आहे याची चौकशी करण्यास सवडच नसे. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९६ च्या सुमारास रूढ झाली आणि माणसे जगू लागली. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ झाला. रोगी दहा-वीस वर्षे जगू लागले, तेव्हा मागे दबा धरून बसलेला दुसरा वैरी पुढे आला. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील २३ हजारांहून अधिक बाधितांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नोंदल्या गेलेल्या १,२४६ मृत्यूंपैकी साडेचौदा टक्के मृत्यू यकृताच्या विकाराने झालेले होते. एड्सखेरीज अन्य कारणांत यकृताचा क्रमांक पहिला होता, आणि यकृताने गेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना हिपॅटायटिस सी होता. पहिल्या संकटातून महत्प्रयासाने वाचवलेला माणूस दुसऱ्या संकटात आपण हातचा घालवत होतो.

यकृत हे मोठे सोशिक इंद्रिय आहे. त्याची हीच सोशिकता रोग्याच्या मुळावर येते. सी विषाणूची लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे तिसांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्या सत्तरांत तो ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करीत राहतो. ताप नाही, वेदना नाही, बहुधा कावीळही नाही. यकृताच्या निरोगी पेशी मरतात आणि त्यांच्या जागी कठीण तंतूंचे जाळे विणले जाते. वीस वर्षांच्या अवधीत अशा जुनाट रोग्यांपैकी १५ ते ३० टक्क्यांना सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत आकसून दगडासारखे घट्ट होते. मग पाय सुजतात, पोटात पाणी साठून जलोदर होतो, रक्ताच्या उलट्या होतात, मन भ्रमिष्ट होते. काहींना यकृताचा कर्करोग होतो. रोगी डॉक्टरकडे येतो तो बहुधा या अवस्थेत.

सोबत एच. आय. व्ही. असल्यास याच मार्गावरून माणूस अधिक वेगाने खाली जातो. विषाणू आपोआप निघून जाण्याची शक्यता घटते, कारण त्याला हुसकावणाऱ्या संरक्षक पेशीच एच. आय. व्ही. ने मारलेल्या असतात. आतड्याच्या भिंतीतील संरक्षक पेशी नाहीशा झाल्यामुळे तेथील जंतूंचे विषारी अंश रक्तात मिसळतात, आणि आतड्यांकडून येणारे रक्त आधी यकृताकडेच जात असल्याने त्या माऱ्याचे पहिले लक्ष्य यकृत होते. तंतू विणणाऱ्या पेशींना त्यामुळे आणखी चेव चढतो. सिऱ्होसिस होण्याचा वा यकृत निकामी होण्याचा धोका अशा रोग्यांत सुमारे तिप्पट असतो, असे अनेक पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. एच. आय. व्ही. वरील उपचार वेळेवर सुरू झाले तर ही घसरण मंदावते. ती थांबत मात्र नाही. बाळंतिणीच्या बाबतीतही हेच. केवळ सी विषाणू असलेल्या मातेकडून अर्भकास तो जाण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के आहे, मातेस एच. आय. व्ही. ही असल्यास ते जवळजवळ दुप्पट होते.

हे सारे पुस्तकातून मणिपुराच्या घराघरांत उतरलेले आपल्या देशाने पाहिले आहे. ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या सीमेवरील मोरे गावातून हेरॉइन आत येई. ते स्वस्त होते, मुबलक होते, आणि सिरिंज मात्र दुर्मीळ होती, कारण जवळ सिरिंज सापडणे हाच पोलिसांच्या लेखी पुरावा असे. एका सुईभोवती पाच-सहा जण बसत. एच. आय. व्ही. बाहेरच्या हवेत नाजूक असला तरी सी विषाणू तसा नाही; वापरलेल्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. सुई बदलली तरी पदार्थ विरघळवण्याचे भांडे, गाळण्याचा कापूस आणि पाणी एकच असले, तर तेवढे त्याला पुरते. त्यामुळे सुईवाल्यांत एच. आय. व्ही. ज्याला झाला त्याला सी नसणे हाच अपवाद ठरला. पुढे त्यांच्या पत्नींना एच. आय. व्ही. झाला. ज्यांनी आयुष्यात कधी सुई हाती धरली नाही अशा स्त्रिया विधवाही झाल्या आणि रोगीही झाल्या.

मणिपुराच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी एक गोष्ट त्या राज्याच्या पदरात टाकली पाहिजे. पोलिसी उपायांनी रोग हटत नाही हे ध्यानी येताच त्या राज्याने १९९६ मध्ये आपले एड्सविषयक धोरण आखले, आणि व्यसन सुटेपर्यंत निदान रोग तरी पसरू नये म्हणून स्वच्छ सुया देण्याचा मार्ग त्यात मान्य केला. त्या काळी देशातील इतर राज्ये या विषयाचे नावही उच्चारण्यास तयार नव्हती. तेथील बाधितांच्या संघटनांनीच पुढे यकृताचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. एच. आय. व्ही. ची गोळी फुकट मिळते, पण आमची माणसे कावीळ आणि जलोदराने मरत आहेत, त्याचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यास उत्तर देणे दिल्लीला बरीच वर्षे जमले नाही. मे २०२३ पासून त्या राज्यात जो वांशिक हिंसाचार उसळला, त्याने माणसांची घरे गेली, खोरे व डोंगर यांमधले रस्ते तुटले, आणि रोज न चुकता घ्यावयाच्या औषधांच्या साखळीवर नवे संकट कोसळले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उत्तर न देण्याचे एक कारण तेव्हा तरी खरे होते. २०१३ पर्यंत सी विषाणूवर इंटरफेरॉनची सुई हाच उपाय होता. आठवड्यास एक याप्रमाणे एच. आय. व्ही. बाधितास ती ४८ आठवडे घ्यावी लागे; जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या असत. ताप, अंगदुखी, रक्तक्षय आणि जीव नकोसा करणारी खिन्नता हा तिचा नित्य परिणाम. खर्च काही लाख रुपयांचा. एवढे भोगूनही दोन्ही विषाणू असलेल्यांपैकी बरे होत ते शंभरांत सुमारे चाळीस. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीस मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. रोज गोळी, बारा आठवडे, आणि शंभरांतील ९५ हून अधिक जण बरे. एच. आय. व्ही. असलेलेही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे होऊ लागले, ही त्यातली खरी क्रांती. पण अमेरिकेत त्या बारा आठवड्यांची किंमत ८४ हजार डॉलर, म्हणजे एका गोळीस हजार डॉलर ठेवण्यात आली. औषध आहे आणि रोगी त्याच्याकडे काचेतून पाहत आहे, असा तो काळ होता.

भारतापुरता हा पेच सुटला तो काही अंशी कायद्यामुळे, काही अंशी रुग्णांच्या संघटनांच्या रेट्यामुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने सात भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचे परवाने दिले. भारतीय पेटंट कार्यालयाने जानेवारी २०१५ मध्ये तिचा पेटंटचा एक अर्ज फेटाळला. मे २०१६ मध्ये तो मान्यही केला. दरम्यान भारतीय गोळ्या बाजारात आल्या आणि स्पर्धेने भाव कोसळले. पंजाबने २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू करून, हे काम केवळ मोठ्या शहरांतील तज्ज्ञांचे नाही, हे दाखवून दिले. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला, आणि तपासणी व औषध दोन्ही मोफत झाली. ही कामगिरी लहान नव्हे. जे औषध श्रीमंत देशांतील विमा कंपन्यांना परवडत नव्हते, ते या देशातील मजुरास सरकारी खिडकीवर फुकट मिळू लागले, याचा अभिमान आम्हांस आहे.

मग अडते कोठे? अडते ते खिडकीवरच. एच. आय. व्ही. चा कार्यक्रम एका संघटनेचा, हिपॅटायटिसचा कार्यक्रम दुसऱ्या खात्याचा. पहिल्याची नोंदवही वेगळी, दुसऱ्याची वेगळी. दिवस वेगळे, इमारती वेगळ्या, कित्येकदा गावेही वेगळी. एच. आय. व्ही. च्या केंद्रावर दर महिन्यास नियमाने येणाऱ्या रोग्यास तेथील समुपदेशक सांगतो की, तुमचे यकृत दुसरीकडे दाखवा. दुसरीकडे पाठवलेला रोगी तेथे पोहोचतोच असे नाही. रोजंदारी बुडते, भाडे पडते. आणि मुख्य म्हणजे, आपल्याला एच. आय. व्ही. आहे हे पुन्हा एका नव्या कारकुनास, नव्या परिचारिकेस, नव्या डॉक्टरास सांगावे लागते. ज्याने ते पहिल्यांदा सांगताना काय भोगले, त्यास दुसऱ्यांदा सांगणे किती जड जाते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तो घरी परततो. यकृत कुरकुर करीत नाही, म्हणून तोही करीत नाही.

तपासणीतही अशीच गळती आहे. पहिल्या चाचणीत केवळ प्रतिपिंडे दिसतात. विषाणू कधी काळी शिरला होता एवढेच तिच्यावरून कळते. तो आज आहे की नाही, हे कळण्यास दुसरी चाचणी लागते. त्यासाठी रोग्यास पुन्हा बोलवायचे, पुन्हा रक्त घ्यायचे, पुन्हा अहवालासाठी थांबवायचे, ही पद्धत म्हणजे रोगी गमावण्याची हमीच होय. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, त्यांच्यात प्रतिपिंडे तयारच न होऊन पहिली चाचणी फसवी ठरू शकते, ही आणखी एक मेख. पहिल्याच वेळी घेतलेल्या रक्तावर दोन्ही चाचण्या करणे मुळीच अशक्य नाही. यकृत किती खराब झाले आहे याचा अंदाजही आता त्यात सुई खुपसून तुकडा न काढता, रक्तातील प्लेटलेटांची संख्या व यकृताची साधी चाचणी यांच्या आकड्यांवरून बांधता येतो. त्यास लागतो तो कागद, पेन्सिल आणि ते करण्याची इच्छा.

दोन खिडक्या अलग ठेवण्यात केवळ गैरसोय नाही, धोकाही आहे. दोन्ही रोगांची औषधे एकमेकांशी नेहमीच गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. एच. आय. व्ही. च्या उपचारात अनेक वर्षे सर्रास दिले गेलेले एफाव्हिरेन्झ हे औषध चालू असल्यास सी विषाणूवरील व्हेल्पाटास्व्हिर देता येत नाही, आणि डॅक्लाटास्व्हिरची मात्रा वाढवावी लागते. क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असेल तर सोफोसबुव्हिरचा प्रभावच जातो. म्हणून आधी क्षयाचा उपचार पुरा करावा लागतो. आपल्या देशात एच. आय. व्ही. बाधितांत क्षय किती बळावलेला आहे, हे सांगावयास नको. सुदैवाने आता राष्ट्रीय कार्यक्रमात दिले जाणारे डोल्युटेग्राव्हिर हे औषध सी विषाणूच्या उपचाराआड येत नाही. सोबतच्या टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, इतकेच. शिवाय सी विषाणू हटवताना सुप्त असलेला बी विषाणू डोके वर काढू शकतो, म्हणून त्याची तपासणी आधी झाली पाहिजे. हे सारे एका डॉक्टरासमोर एका कागदावर असेल तर सोपे आहे. दोन डॉक्टरांच्या दोन कागदांवर विखुरलेले असेल, तर चूक होण्यास कोणाचा दुष्ट हेतू लागत नाही.

येथे काही वाचक मनात म्हणतील की, ज्यांनी स्वतःच्या हाताने सुई टोचून घेतली, त्यांच्यासाठी करदात्याचा पैसा का खर्चावा? बरे केले तरी ते पुन्हा सुई घेतील आणि पुन्हा रोग आणतील. हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही निष्ठुर म्हणणार नाही; त्यांतील अनेकांच्या घरांतच व्यसनाने होळी पेटवलेली असते. परंतु त्यांनी आणखी थोडा विचार करावा. पुन्हा लागण होऊ शकते हे खरे आहे; सी विषाणूवर लसही नाही. पण ज्याचा विषाणू गेला, तो निदान तेवढा काळ दुसऱ्या कोणास तो देत नाही. बारा आठवड्यांच्या गोळ्यांस शासनाला जो खर्च येतो, त्यापेक्षा जलोदराच्या एका रोग्यास वारंवार रुग्णालयात ठेवण्याचा खर्च मोठा असतो. आणि बाधितांत सुईवालेच आहेत असे तरी कोठे आहे? सी विषाणूची तपासणी आपल्या रक्तपेढ्यांत सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्यापूर्वी रक्त चढवून घेतलेल्या थॅलेसेमियाच्या मुलांनी आणि रक्तस्रावाच्या रोग्यांनी कोणता गुन्हा केला होता? रोग्याची चारित्र्यपरीक्षा घेऊन मग औषध देण्याची प्रथा वैद्यकीत कधीच नव्हती, आणि आज ती पाडण्याचे कारण नाही.

सुईविषयी नीतीचा आग्रह धरून बसल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेसारख्या सधन देशात आहे. इंडियाना राज्यातील स्कॉट परगण्यात ऑस्टिन नावाचे सुमारे ४ हजार वस्तीचे गाव आहे. तेथे सुईवाल्यांत हिपॅटायटिस सी बरीच वर्षे वाढत होता. तो धोक्याचा कंदील होता. कोणी पाहिला नाही. स्वच्छ सुया वाटणे त्या राज्यात बेकायदा होते. २०१५ च्या प्रारंभी त्याच जाळ्यात एच. आय. व्ही. शिरला आणि त्या टीचभर परगण्यात पुढे दोनशेहून अधिक बाधित निघाले; त्यांतील दहांपैकी नऊ जणांना सी विषाणूही होता. मार्च २०१५ मध्ये गव्हर्नरांना आरोग्यविषयक आणीबाणी जाहीर करावी लागली आणि आधीचा विरोध सोडून सुया बदलून देण्याची परवानगी द्यावी लागली. तपासणी, औषधे आणि सुया एकाच ठिकाणी मिळू लागल्यावर नव्या लागणी ओसरल्या. एवढे होऊनही २०२१ मध्ये तेथील लोकप्रतिनिधींनी तो सुयांचा कार्यक्रम बंद करण्याच्या बाजूने मत दिले. संकट ओसरले की शहाणपणही ओसरते, हा अनुभव केवळ अमेरिकेचा नाही.

आपल्याकडे कायदा या बाबतीत पुढे आहे. एच. आय. व्ही. आणि एड्सविषयक २०१७ च्या केंद्रीय कायद्याने बाधितांस उपचार नाकारणे, नोकरीतून काढणे वा वेगळे वागवणे बेकायदा ठरवले. लागणीचा धोका घटवण्यासाठी सुया देणे वा व्यसनमुक्तीचे पर्यायी औषध देणे हा गुन्हा होत नाही, हेही त्या कायद्याने स्पष्ट केले. सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे. १९८९ मध्ये गोमंतकात ज्या वृत्तीने कायद्याचे रूप घेतले होते, तिच्या अगदी उलट वृत्ती आज कायद्यात आहे. कायदा पुढे गेला. प्रश्न उरतो तो आमच्या रुग्णालयांच्या व्हरांड्यांचा.

गोमंतक मणिपूर नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु राज्य लहान असणे हे अशा कामी वरदान आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा रोगी अर्ध्या दिवसात राजधानीस पोहोचू शकतो. बाधितांची संख्या मोजकी, केंद्रे मोजकी, यंत्रणा सुस्थितीत. दोन खिडक्यांची एक खिडकी करण्याचा प्रयोग या राज्यात झाला नाही, तर तो कोठे व्हायचा? म्हणून आमच्या शासनाकडून काही अपेक्षा आहेत. एच. आय. व्ही. केंद्रावर नोंद असलेल्या प्रत्येकाची सी व बी विषाणूंसाठी एकदा तपासणी व्हावी, आणि ज्यांना धोका अधिक त्यांची दरवर्षी व्हावी. पहिल्या चाचणीत दोष आढळल्यास त्याच रक्तावर दुसरी चाचणी व्हावी. रोग्यास परत बोलावू नये. सी विषाणूच्या गोळ्या एच. आय. व्ही. च्या गोळ्यांबरोबर त्याच खिडकीवर, त्याच दिवशी मिळाव्यात. बी विषाणूची लस ज्यांना लागू आहे त्यांना तेथेच टोचावी. ज्यांना सिऱ्होसिस झालेला आहे, त्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीसाठी बोलवावे, कारण विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. बरा झालेला रोगी म्हणून त्याचे नाव वहीतून खोडले, तर त्याला आपण दुसऱ्यांदा गमावू.

कोलवाळच्या कारागृहातील बंद्यांस आणि व्यसनमुक्ती केंद्रांतील रोग्यांस या योजनेतून वगळू नये. ज्यांना शोधत फिरावे लागते अशी माणसे तेथे एका छपराखाली असतात, आणि बारा आठवड्यांचा उपचार तेथे पुरा होऊ शकतो. तपासणी मात्र त्यांच्या संमतीने आणि गुप्तता राखूनच व्हावी. सक्तीचा मार्ग एकदा आपण चालून पाहिला आहे.

आणखी एका गोष्टीविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन विषाणूंनी घेरलेल्या यकृताला तिसरा वैरी दारू आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर मद्याचे दुकान असलेल्या आणि मद्याच्या महसुलावर काही अंशी चालणाऱ्या या राज्यात हे सांगणे कोणास रुचणार नाही. तंतूंचे जाळे विणण्याचे जे काम विषाणू वीस वर्षांत करतो, ते दारूच्या मदतीने फार आधी पुरे होते. बाधितास हे समजावून सांगणारा, त्याला न हिणवता सांगणारा समुपदेशक प्रत्येक केंद्रावर हवा. पण त्याचबरोबर, हा पितो म्हणून याला औषध देऊ नका, असे म्हणण्याचा अधिकार कोणा डॉक्टरास असू नये. पिणारा रोगीही विषाणूमुक्त होतो, आणि त्याच्या यकृतावरचे निदान एक ओझे उतरते.

विषाणुजन्य हिपॅटायटिसचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचे, म्हणजे नव्या लागणी ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट जगाने ठरवले आहे व आपल्या देशाने ते स्वीकारले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात सी विषाणूचे सुमारे ५५ लाख रोगी आहेत, तर एच. आय. व्ही. बाधितांची संख्या आपल्याकडे सुमारे २५ लाख मानली जाते. या दोन मोठ्या आकड्यांमध्ये दोहोंत मोडणारा रोगी हरवून जाऊ नये. ५५ लाखांना शोधणे कठीण आहे, परंतु एच. आय. व्ही. च्या केंद्रावर दर महिन्यास स्वतःच्या पायांनी येणाऱ्या माणसाला शोधावेच लागत नाही. त्याचे नाव वहीत आहे, त्याचे रक्त प्रयोगशाळेत आहे, आणि तो आपल्यासमोर बाकावर बसलेला आहे. त्याच्यापासून आरंभ करण्यास कोणत्या नव्या निधीची वाट पाहायची?

सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी आपण एका तरुणाला त्याच्या रक्तातील विषाणूबद्दल कोंडून ठेवले, कारण आपण घाबरलो होतो आणि हाती औषध नव्हते. आज औषध आहे, आणि भीतीस कारण उरलेले नाही. अशा वेळी केवळ दोन खात्यांचा मेळ बसत नाही म्हणून एखाद्या बाधिताचे पोट पाण्याने फुगले, तर १९८९ मधील चुकीपेक्षा ही चूक अधिक अक्षम्य ठरेल. त्या वेळी अज्ञान होते, असे तरी म्हणता येत असे. आता तेही म्हणता येणार नाही.